वर्गातला सिपायो

शनिवारी सकाळी मासळीबाजारातून परतताना केपानं आपल्या बायकोला दुसऱ्या माणसाशी 'रे' म्हणताना ऐकलं. 'थांब रे, भिजशील,' एवढंच वाक्य. गार्बिन्ये समुद्राकाठच्या कठड्यावर पाय सोडून बसली होती, आणि तिच्या शेजारी डामियान कोर्देरो, केपाच्या संध्याकाळच्या वर्गातला विद्यार्थी, कठड्यावर चढून खालच्या दगडांवर फुटणारी लाट वाकून बघत होता. लाट आली, डामियान मागे उडी मारून उतरला, त्याची एक बाही भिजली, आणि दोघंही हसली. केपा त्यांच्या मागून, हाक मारली तर सहज ऐकू जाईल इतक्या जवळून चालला होता. हातात पिशवी, पिशवीत बर्फात गुंडाळलेला मासा.  केपा हाक न मारता रस्ता ओलांडून, जिथे त्याचं काहीच काम नव्हतं अशा एका गल्लीत शिरला.

त्या दोघांनी तिथे असण्यात गैर काहीच नव्हतं. जमवून दिलं होतं ते केपानंच. बास्क, म्हणजे स्पेनच्या या उत्तर भागातली मूळ भाषा, शिकणाऱ्या प्रौढांना वर्गाबाहेर कुणीतरी बोलायला लागतं, नाहीतर भाषा वहीतच वाळून जाते. म्हणून शाळेनं जन्मापासून बास्क बोलणाऱ्यांना विनवलं होतं, की आठवड्यातून एकदा एखाद्या शिकणाऱ्याला सोबत घेऊन फिरा, बोला. 'तू घे ना डामियानला,' केपाच गार्बिन्येला म्हणाला होता. 'मुलगा मेहनती आहे. आईबाप तिकडून दक्षिणेतून कारखान्यात कामाला आलेले, घरात बास्कचा शब्द नाही. कंपनीत बढतीसाठी परीक्षा द्यायचीय म्हणतो.' गार्बिन्ये औषधांच्या दुकानातून दमून यायची, तिनं आधी नको म्हटलं होतं. केपानंच आग्रह केला. हे सगळं त्याला त्या अनोळखी गल्लीत, एका बंद दुकानाच्या काचेसमोर उभं असताना आठवलं, आणि काचेत दिसणारा पिशवीवाला माणूस त्याला फार मूर्ख वाटला.

त्यांच्या भाषेत 'तू' दोन होते. एक सगळ्यांसाठी: शेजारी, गिऱ्हाईक, आई, बाप, नवरा, बायको. दुसरा सलगीचा. भावाबहिणींत, बालमित्रांत, गुराढोरांशी. तो बोलताना समोर पुरुष असेल तर 'रे' आणि बाई असेल तर 'गं' क्रियापदातच मुरवावा लागतो, आणि तो मुरवणं शहरात वाढलेल्यांना सहसा जमत नाही. नवरा-बायकोंनी तो वापरायचा नाही, अशी जुनी रीत. केपानं ती वर्गात कितीदा तरी समजावली होती, फळ्यावर रूपं लिहून. गार्बिन्ये त्याला इतक्या वर्षांत कधी 'रे' म्हणाली नव्हती, आणि त्याला ते कधी खटकलंही नव्हतं. आता ते एकाएकी असं खटकायला लागलं की जणू कुणी घरातली एक खोली इतकी वर्षं कुलूपबंद ठेवली होती, आणि आज तिच्या खिडकीत परका माणूस उभा दिसला.

केपाची स्वतःची बास्कही मागून आलेली होती. त्याच्या बापाला लहानपणी शाळेत ही भाषा बोलल्याबद्दल छड्या बसल्या; बापानं मुलाच्या कानावर ती पडूच दिली नाही. केपा विशीत, एका चर्चच्या मागच्या खोलीत, दारं लावून, इतर डझनभर पोरांबरोबर ती शिकला. रात्ररात्र रूपं घोकली. एकेक शब्द त्यानं चोरलेल्या फळासारखा खाल्ला. पुढे तो शिकवायला लागला, शुद्ध बोलायला लागला, पाठ्यपुस्तक तपासणारे लोक त्याचं मत विचारायला लागले. पण लग्नानंतर पहिल्यांदा गार्बिन्येच्या माहेरी, डोंगरातल्या शेतघरी गेला, तेव्हा तिची आई इनाशी चुलीशी बसून लेकीशी बोलत होती, आणि केपा आत आल्याबरोबर तिनं स्पॅनिश सुरू केली. मोडकी, अडखळती स्पॅनिश. 'आई, मला बास्क येते,' तो म्हणाला. 'येते की,' इनाशी म्हणाली, 'फार छान येते. रेडिओसारखी.' त्यात टोमणा नव्हता. खरंच कौतुक होतं, आणि तेच त्याला अजून लागून होतं.

आणि हा डामियान. गेल्या उन्हाळ्यात गार्बिन्येनं त्याला गवत कापायला शेतघरी नेलं. 'तिथे बोलणं कानावर पडेल,' ती म्हणाली. केपाला वर्ग होता. ती परतली तेव्हा गालावर ऊन उतरलेलं, केसांत गवताच्या काड्या. 'आईनं त्याला बाबांच्या लाकडी वहाणा दिल्या घालायला,' तिनं हसत सांगितलं. 'बरोब्बर बसल्या.' केपा तेव्हाही हसला होता. त्या वहाणा दारामागे खुंटीवर असत, तो दर खेपेला त्या बघायचा. आपल्या पायाला त्या बसतील का असा विचार त्याच्या मनात येऊन गेला होता, पण कुणी घाल म्हणालं नव्हतं आणि त्यानं मागितल्या नव्हत्या. मग डामियान वर्गात इनाशीच्या खोऱ्यातली रूपं बोलायला लागला. शब्दाचा शेवट गिळायचा, मधला स्वर ओढायचा. चुकत होता, पण त्या चुका तिथल्याच माणसाच्या वाटाव्यात अशा. केपा त्याला सुधारायचा. 'प्रमाण भाषेत असं नाही म्हणत.' 'हो मास्तर,' डामियान म्हणायचा, आणि वहीत नीट लिहून घ्यायचा. आता ते सगळे 'हो मास्तर' केपाला एकेक करून आठवले, आणि प्रत्येकामागे त्याला हसू ऐकू आलं.

त्या दिवशी जेवताना मासा कोरडा झाला होता. 'कुठे गेलास इतका वेळ?' गार्बिन्येनं विचारलं. 'बाजारात गर्दी होती,' तो म्हणाला. पुढचे काही आठवडे त्याचे शनिवार वाया गेले. ती निघाली की तो वर्तमानपत्र उघडायचा आणि एकच ओळ वाचत बसायचा. ती परतली की तिच्या बोलण्यात त्या फिरण्याचा ओलावा शोधायचा. ती भांडी घासताना गुणगुणली तरी तो ती ओळही सोडून ऐकत राहायचा. तिच्या मनात तसलं काही असेल असं त्याला खरोखर वाटत नव्हतं, आणि हेच त्रासाचं होतं. तसलं काही असतं तर त्याला नाव देता आलं असतं. डामियान तिच्याहून कितीतरी लहान, बुटका, पुढचे केस विरळ झालेला, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत नोकरीला. त्याच्यात हेवा करण्यासारखं काही नव्हतं. तिच्या तोंडचा एक प्रत्यय फक्त त्याला मिळाला होता.

त्याच सुमारास शाळेसमोरच्या भिंतीवर कुणीतरी लाल रंगात लिहिलं: सिपायो, चालते व्हा. वर्गात लुर्देस नावाच्या बँकेतल्या बाईनं विचारलं, 'मास्तर, हे आपल्या पोलिसांना म्हणतात ते ठाऊक आहे. पण शब्द कुठला? बास्क तर वाटत नाही.' केपाला हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारायचं, आणि त्याला उत्तर द्यायला आवडायचं. शब्द बास्क नाहीच, तो म्हणाला. मूळ फारसी, फौजेला सिपाह, त्यावरून सिपाही. हिंदुस्थानात इंग्रजांनी तिथल्याच लोकांना वर्दी घालून तिथल्याच लोकांवर उभं केलं, ते सिपाही. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, फ्रेंचांनी वळवला, स्पॅनिशमध्ये सिपायो झाला. मग तो समुद्र ओलांडून अर्जेंटिनात गेला. तिथले राष्ट्रवादी इंग्रजांच्या रेल्वेत आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या, इंग्रजांची बाजू घेणाऱ्या आपल्याच लोकांना सिपायो म्हणायला लागले. तिथून तो आपल्याकडे आला. आपलं स्वतःचं पोलीस दल निघालं, तेव्हा ज्यांना ते माद्रिदचं प्यादं वाटलं त्यांनी हाच शब्द त्यांच्या तोंडावर मारला. 'बघा,' केपा नेहमीचा विनोद करत म्हणाला, 'शिवीला व्युत्पत्ती लागत नाही. शिवीला पत्ता लागतो.' वर्ग हसला. एक गोष्ट तो दरवर्षी गाळायचा, ती त्यानं याही वेळी गाळली: याच सिपाह्यांनी पुढे बंड केलं होतं, आणि कित्येकांना तोफांच्या तोंडी बांधून उडवलं गेलं होतं. ते सांगितलं की शब्दाचं टोक बोथट व्हायचं, आणि धडा लांबायचा. वर्ग सुटल्यावर डामियान टेबलाशी आला. 'मास्तर, ते सिपाही आपसात कुठल्या भाषेत बोलायचे?' केपाला ठाऊक नव्हतं. 'आपापल्या,' तो म्हणाला आणि खडूचे हात झटकले.

नंतरच्या एका शनिवारी जुन्या गावात मोर्चा होता, स्वतंत्र बास्क देशासाठी हत्यार उचलून पकडल्या गेलेल्या, दूरच्या तुरुंगांतल्या कैद्यांना घराजवळ आणा म्हणून. केपा दरवेळी जायचा. घोषणा द्यायचा नाही, मागच्या बाजूनं चालायचा. मोर्चा संपता संपता तोंडं बांधलेल्या काही पोरांनी दगड भिरकावले, आणि चौकातून पोलीस धावत आले, त्यांचीही तोंडं काळ्या कापडानं बांधलेली. कोण कुणाचा शेजारी हे दोन्हीकडून कळू नये म्हणून. केपा एका दाराच्या खोबणीत अंग चोरून उभा राहिला. त्याच्या समोरच एक पोरगा पळता पळता खानावळीच्या खुर्चीत अडकून पालथा पडला. एक पोलीस त्याच्यापर्यंत पोचला. केपाला वाटलं, आता काठी बसणार. काठी बसली नाही. पोलीस खाली वाकला, पोराच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि म्हणाला, 'ऊठ रे, ऊठ. पळ.' पण साधं 'ऊठ' नव्हतं ते. इनाशीच्या खोऱ्यात नुकतं जन्मलेलं वासरू पायांवर उभं राहताना पुन्हापुन्हा कोसळतं, तेव्हा त्याला म्हणायचा शब्द होता तो. शेवट गिळलेला, मधला स्वर ओढलेला. केपानं तो शब्द आयुष्यात एकाच गोठ्यात ऐकला होता. पोरगा उभा राहिला, त्या काळ्या कापडावर थुंकला, 'सिपायो' म्हणाला आणि पळाला. पोलिसानं बाहीनं कापड पुसलं आणि तो आपल्या रांगेकडे परत गेला. चालताना पाय जरासे फाकत, बुटका.

केपा त्या दारातून बराच वेळ हलला नाही. इतका आनंद त्याला कित्येक दिवसांत झाला नव्हता. आपण आनंदलो आहोत हे कळायलाही त्याला थोडा वेळ लागला. छातीत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटत होतं, भूकही लागली होती. त्या माणसाला आता नाव होतं. जो इतके दिवस नुसता एक हसणारा विद्यार्थी होता, ज्याच्याबद्दल स्वतःशीसुद्धा तक्रार करता येत नव्हती, त्याच्यासाठी तयार शब्द होता, भिंतीवर लिहिलेला, अर्ध्या गावाला मान्य असलेला. आपलं पोलीस दल पहिल्यांदा रस्त्यावर उतरलं त्या वर्षी केपानं फुटपाथवर उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, शेजारच्या म्हातारीनं तर एका पोलिसाच्या गालाची पापी घेतली होती. हे त्याला आठवत होतं. पडलेल्या पोराला त्या माणसानं मारलं नाही, उठवलं, हेही त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. धड्यातला तो गाळलेला भाग गाळायचा तसं त्यानं हेही बाजूला सारलं.

घरी गार्बिन्ये टोमॅटो चिरत होती. 'डामियान त्या लिफ्टच्या कंपनीत नक्की काय करतो?' केपानं पाव तोडत विचारलं.

'दुरुस्ती. का?'

'सहज. शनिवारी संध्याकाळी कामावर असतो का?'

'कधीकधी. लिफ्ट काय वार बघून बिघडतात?' ती म्हणाली, आणि सुरी थांबली नाही.

म्हणजे तिला ठाऊक होतं. आवाज इतका साधा राहिला त्यावरूनच केपाला कळलं. डामियाननं आपल्या जिवाची गोष्ट, जी त्याच्या इमारतीत कुणाला ठाऊक नव्हती, जिच्यामुळे तो वर्दी बाहेर दोरीवर वाळत घालू शकत नव्हता, ती तिला सांगितली होती. आणि तिनं ती नवऱ्यापासून जपली होती. खोटं बोलल्याचा त्याला राग नव्हता. त्या खोटेपणात ती दोघं शेजारी बसली होती, आणि केपा बाहेर पिशवी घेऊन उभा होता.

रविवारी दुपारी जेवणाआधी दोस्तांबरोबर एकेक पेला घ्यायचा त्याचा जुना परिपाठ होता. त्या दिवशी दोघंच जमले: केपा आणि छापखान्यात काम करणारा बिट्टोर. बिट्टोरचा भाचा दूर दक्षिणेच्या तुरुंगात होता. त्याची बहीण अर्ध्या तासाच्या भेटीसाठी आख्खा देश ओलांडून जायची, एकदा परतताना तिच्या गाडीला अपघातही झाला होता. बिट्टोरचा राग खरा होता. बास्क मात्र त्याला धड येत नव्हती. तो शिव्या बास्कमध्ये द्यायचा आणि बाकी सगळं स्पॅनिशमध्ये बोलायचा.

'काल परत पोरांना झोडपलं त्यांनी,' बिट्टोर म्हणाला. 'तोंडं झाकून येतात. एकाचं जरी तोंड दिसलं असतं ना.'

'तोंड कशाला दिसायला हवं?' केपा म्हणाला. आपला आवाज त्याला वर्गातल्यासारखा, सावकाश, समजावणारा ऐकू आला. 'माझ्या वर्गात एक सिपायो आहे.'

बिट्टोरनं त्याच्याकडे बघितलं नाही. त्यानं ऑलिव्हची बी बशीत काढून ठेवली. 'तुझ्या वर्गात पुरुष किती?'

इथे केपाला गप्प बसता आलं असतं. हसून विषय बदलता आला असता. 'चार,' तो म्हणाला. त्यातला एक निवृत्त पाद्री होता, एक पोस्टमन, ज्याला सगळं गाव ओळखायचं, आणि एक बायकोच्या मागे इथे येऊन राहिलेला जर्मन. हेही बिट्टोरला ठाऊक होतं, कारण केपाच वर्गाच्या गमती त्याला सांगायचा. दोघांनी आणखी एकेक पेला घेतला. बाहेर ऊन पडलं होतं. घरी जाताना केपा स्वतःला सांगत राहिला, की मी नाव घेतलेलं नाही.

चार दिवसांनी डामियानच्या इमारतीच्या दारावर त्याचं नाव आडनावासकट रंगवलेलं होतं. नावाभोवती वर्तुळ, वर्तुळात फुली, आणि खाली तो शब्द. पुढच्या आठवड्यात त्याची गाडी जळाली. केपा ते बघायला गेला नाही, पण पावाच्या दुकानात, भाजीच्या दुकानात लोक बोलत होते, म्हणजे बोलत नव्हते. 'काहीतरी केलंच असेल' एवढं म्हणून पावाकडे बोट दाखवत होते. एका सकाळी शाळेकडे जाताना त्याला त्या रस्त्यानं जावंच लागलं. सामानाचा टेम्पो उभा होता. दोन माणसं फ्रिज चढवत होती. डामियानची आई टेम्पोत पुढे बसली होती, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर, नजर समोर. तीस वर्षं ती त्या इमारतीत राहिली होती. एकही खिडकी उघडी नव्हती. डामियान खाली येऊन दार लावत होता. त्याला केपा दिसला. 'मास्तर,' तो म्हणाला, 'परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला माझा.' केपा काहीतरी पुटपुटला, पुढच्या वर्षी, असं काहीतरी. डामियाननं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, आणि केपाला त्याचाही राग आला.

गार्बिन्येनं त्या संध्याकाळी जेवण केलं नाही. स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहिली. केपा दारात उभा होता. 'मला ठाऊक होतं तो पोलिसात आहे ते,' ती म्हणाली. 'तुला खोटं सांगितलं. त्यानं शब्द घेतला होता.' मग थोड्या वेळानं: 'मी फक्त आईला सांगितलं होतं, केपा. गवत कापायला आला होता तेव्हा. आई दुकानात बोलली असणार. हल्ली ती कुणाशीही काहीही बोलते.' केपा दाराच्या चौकटीला टेकला. 'तुला कळणार नाही ते,' ती पुढे म्हणाली, त्याच्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. 'शाल्बाडोर ट्रॅक्टरखाली गेला, त्यानंतर मी 'रे' म्हणावं असं जगात कुणी उरलं नव्हतं. ते रूप माझ्या तोंडातूनच गेलं होतं. हा पोरगा वहीत बघून विचारायला लागला, भावाशी कसं बोलता, बोलून दाखवा. मी बोलून दाखवलं. मग थांबताच येईना.' केपाला तिच्या भावाबद्दल ठाऊक होतं. शेतघरात त्याचा फोटो होता. एवढी साधी गोष्ट त्याच्या, त्या रूपांचे तक्ते फळ्यावर लिहिणाऱ्याच्या, डोक्यात आली नव्हती. तो पुढे झाला, तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं डोकं त्याच्या पोटाशी टेकलं आणि रडली. कित्येक महिन्यांत ती अशी त्याच्याजवळ आली नव्हती. त्याला सांगायचं होतं. त्याला हेही वाटत होतं की हे डोकं इथून हलू नये. दोन्ही एकाच वेळी, आणि दुसरं जास्त. तो तिचे केस सारखे करत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं आईला फोन केला आणि दार लावून घेऊन भांडली. त्यानंतर ती शेतघरी गेली नाही. फोन वाजला आणि पलीकडे आई असली की न बोलता ठेवून द्यायची, मग वाजूच द्यायला लागली. कुणी तिच्या औषधांच्या दुकानातून केला तर तो दोनदा वाजवून बंद करून पुन्हा वाजवायचा असं ठरवून टाकलं. केपा वर्तमानपत्रामागे ते वाजणं ऐकायचा. शनिवारी आता ती घरीच असायची. दोघं मिळून फिरायला जायची, कठड्यावर बसायची, ती त्याच्याशी बोलायची, नेहमीच्या 'तू'मध्ये, नीट, सगळ्या रूपांचे शेवट स्पष्ट उच्चारून, जसं एखाद्या चांगल्या शिकणाऱ्याशी बोलावं तसं. त्याला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तरी तो तिच्या बोलण्यात अजून त्या दुसऱ्यालाच शोधत होता, आणि आता तो दर शब्दामागच्या गप्प जागेत सापडायचा.

नवा वर्ग सुरू झाला त्या आठवड्यात बिट्टोर त्याला पुलावर भेटला. हातात हात घेऊन बराच वेळ हलवत राहिला. 'तुझ्या कानाला तोड नाही लेका,' तो म्हणाला. 'आमची पोरं डोळे फाडून बघतात तरी त्यांना कळत नाही. नव्या वर्गात कोण कोण आहे? परीक्षेला बसणारे सरकारी नोकर बरेच येतात म्हणे तुझ्याकडे. जरा ऐकत जा. कुणाचं काही वावगं वाटलं तर मला सांग. बाकी तू काही करायचं नाहीस, तुझं नाव कुठे येणार नाही.' त्यानं केपाचा कोट खांद्यावर सारखा केला, बढती मिळालेल्या माणसाचा करावा तसा. केपा म्हणाला, 'बघतो.' तो पुलाच्या कठड्याला धरून उभा राहिला. खाली भरतीचं पाणी नदीत उलटं शिरत होतं.  मग तो घरी न जाता गाडीत बसला आणि डोंगराच्या रस्त्याला लागला.

इनाशी अंगणात सफरचंदं निवडत बसली होती, चांगली एका टोपलीत, डागी दुसरीत. तिनं त्याच्यामागे दुसरं कुणी उतरतंय का ते पाहिलं. 'एकटाच आलास,' ती स्पॅनिशमध्ये म्हणाली. मग कोंबड्यांना हुसकावून त्याला बसायला जागा केली. 'मी बोलले असेन बाबा,' ती आपणहून म्हणाली. 'मला आठवत नाही. पाववाल्या पोराशी बोलले असेन, नाहीतर चर्चमध्ये. हल्ली तोंडातून काय जातं ते मागून कळत नाही. गार्बिन्ये म्हणते म्हणजे बोललेच असणार. तो पोरगा कुठे आहे ते कळलं तर त्याला सांगशील का, की म्हातारीला कळलं नाही, तिला माफ कर?' तिचे हात निवडायचे थांबले होते आणि एक डागी सफरचंद चांगल्या टोपलीत पडलं होतं.

'आई,' केपा बास्कमध्ये म्हणाला, 'तुम्ही नाही बोललात. मी बोललो. पेल्यावर बसून. मला त्याचा हेवा वाटत होता.' शेवटचं वाक्य त्यानं कधी स्वतःशीही म्हटलं नव्हतं. ते अगदी शुद्ध निघालं, रेडिओवर शोभावं असं.

इनाशीनं टोपलीतलं ते डागी सफरचंद शोधून काढलं आणि दुसऱ्या टोपलीत टाकलं.  मग गुडघ्यावर हात टेकून उठली. 'गार्बिन्येला सांगितलंस?' तिनं विचारलं. आता तीही बास्कच बोलत होती. रागात असल्यामुळे तिला ते कळलंही नसावं.

'नाही.'

'ये आत.'

फोन चुलीजवळच्या भिंतीवर होता. तिनं लेकीचा नंबर स्वतः फिरवला, एकेक आकडा तोंडानं म्हणत, आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला. मग ती दारात जाऊन उभी राहिली, म्हणजे त्याला बाहेर जायचं असतं तर तिला बाजूला सारूनच जावं लागलं असतं. पलीकडे वाजत राहिलं. वाजून वाजून बंद झालं. इनाशी आली, पुन्हा नंबर फिरवला, पुन्हा दारात जाऊन उभी राहिली. केपानं मनात म्हटलं, उचलू नकोस. मग उचलल्याचा आवाज आला.

'आई, ठेवू नकोस,' गार्बिन्ये म्हणाली. ती घाईघाईनं बोलत होती, रडवेली, लहान मुलीच्या आवाजात. हा आवाज केपानं कधी ऐकला नव्हता आणि त्या क्षणीही तो आपल्यासाठी नाही हे त्याला टोचलंच. 'मी फार बोलले तुला. नको ते बोलले. तुला कुणी फसवून विचारलं असेल, तू मुद्दाम नाही केलंस, मला कळतं ते. बोल ना आई. तू आहेस ना तिथे?'

दारातली म्हातारी त्याच्याकडे बघत होती.

'आई नाही, गार्बिन्ये,' तो म्हणाला. 'मी.'